गाडी जेवणाच्या वेळेवर चालवा: विदर्भातल्या गावातून नेपाळची खाद्यसफर

मित्रांसोबत परदेशात गाडीने फिरायचं आणि तेही खास खाण्यासाठी, म्हटलं की डोळ्यांपुढे विमान, व्हिसा आणि लाखांचा खर्च उभा राहतो. दारव्हा, मोर्शी, हिंगणघाट किंवा लाखांदूरच्या माणसाला मात्र एक देश असा आहे, की अंगणातली बोलेरो काढायची आणि थेट तिथल्या भोजनालयासमोर लावायची. तो म्हणजे नेपाळ. भारतीयांना व्हिसा लागत नाही, गाडी डाव्या बाजूनेच चालते, आपलं लायसन्स चालतं आणि पाट्या देवनागरीत असल्यामुळे ‘खाजा घर’ (फराळाचं दुकान) कुठे आणि ‘भान्छा घर’ (जेवणाची खाणावळ) कुठे हे कुणाला विचारावं लागत नाही. आपल्याकडून पशुपतिनाथ-मुक्तिनाथच्या यात्रेला गाड्या भरून लोक जातात, पण सोबत आचारी आणि शिधा असतो. त्यामुळे नेपाळचं जेवण बहुतेकांच्या जिभेला लागतच नाही. ते लागावं, यासाठी हा लेख.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा, कारण पुढचं सारं तिच्यावर उभं आहे: गाडीच्या वेळेप्रमाणे जेवायचं नाही, जेवणाच्या वेळेप्रमाणे गाडी चालवायची. आपण घरून निघताना किलोमीटर मोजतो आणि भूक लागेल तिथे थांबतो. नेपाळात असं केलं तर तिथलं खरं जेवण हुकतं. तिथे दाल-भात दिवसातून दोनदा होतो, सकाळी नऊ ते साडेदहाच्या आसपास आणि संध्याकाळी सात ते साडेआठला. मधल्या वेळेत असतो तो ‘खाजा’, म्हणजे चिउरा (कोरडे पोहे), मोमो, चाउमिन, समोसा. हायवेवर बसगाड्या थांबतात तिथे दुपारीही ताट मिळतं, पण लहान गावात दीड वाजता जेवायला बसलात तर सकाळचं उरलेलं गरम करून येईल. म्हणून दिवसाचा आराखडा असा लावा: पहाटे सहाला चहा घेऊन निघायचं, तीन-चार तास गाडी, दहाच्या सुमारास पोटभर दाल-भात, दुपारी हलका खाजा, पाचच्या आत मुक्काम आणि सातला निवांत जेवण. अंधारात घाट चालवायचा प्रश्नच उरत नाही.

केव्हा निघायचं

आपल्या शेतीचा हिशेब धरला तर हरभरा-गहू निघाल्यानंतरचा काळ, मार्चचा दुसरा पंधरवडा ते एप्रिलचा मध्य, सगळ्यात सोयीचा. कापूस घरातून गेलेला असतो, खरिपाची घाई सुरू व्हायची असते आणि हातात थोडा पैसा असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नेपाळ सुंदर असतं, हिमशिखरं स्वच्छ दिसतात, पण तेव्हा आपल्याकडे सोयाबीन काढणी आणि कापसाची वेचणी असते. शिवाय त्याच काळात तिथे दशैं येतो. तो त्यांचा सगळ्यात मोठा सण. कामगार गावी जातात, खाणावळी बंद असतात आणि रस्ते भरून वाहतात. एप्रिलमध्ये वणव्यांच्या धुरामुळे डोंगर पुसट दिसतात, हे खरं. खाण्यासाठी निघालेल्या माणसाने ते चालवून घ्यावं.

पावसाळ्यात मात्र जाऊ नका. जून ते सप्टेंबर दरडी कोसळतात. जुलै २०२४ मध्ये नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर सिमलताल इथे दरडीने दोन प्रवासी बस त्रिशूली नदीत ढकलल्या. परतीला आपल्याला त्याच रस्त्याने यायचं आहे.

सोबत कोण, आणि कोण काय खातं

सात सीटची गाडी असली तरी पाचच जण जा. बॅगा, पाण्याचा कॅन आणि परतीचं सामान यांना जागा लागते. त्या पाचांत घाट चालवू शकणारे दोघे तरी हवेत. आपल्या सपाट रस्त्यांवर वीस वर्षं गाडी चालवलेला माणूसही डोंगरात उतारावर सारखा ब्रेक दाबत बसतो आणि ब्रेक तापवतो. यासाठी निघण्याच्या महिनाभर आधी पूर्ण टोळी घेऊन परतवाड्याहून चिखलदऱ्याला एक मुक्काम करून या. चढताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायची सवय तिथेच लागेल, आणि वळणांवर कुणाला उलटी होते तेही कळेल. अशा मित्राला नेपाळात पुढच्या सीटवर बसवायचं.

त्याच मुक्कामात खाण्याचा खुलासा करून घ्या. आपल्या प्रत्येक गटात एक माळकरी असतो, एक सोमवार-गुरुवार पाळणारा असतो आणि दोघं सावजी मटणावर जीव टाकणारे असतात. नेपाळात हे फार कामाचं आहे, कारण काठमांडू खोऱ्यात मोमो किंवा छोयला (मसाला लावलेलं भाजलेलं मांस) नुसता मागितला तर तो बहुधा म्हशीच्या मांसाचा येतो. त्याला तिथे ‘बफ’ म्हणतात. गोहत्येला नेपाळात कायद्याने बंदी आहे, त्यामुळे गाईच्या मांसाची धास्ती नको, पण म्हैसही चालत नसेल तर दर वेळी आधी बोला. ‘कुखुरा’ म्हणजे कोंबडी, ‘खसी’ म्हणजे बोकड, ‘माछा’ म्हणजे मासा, ‘राँगा’ म्हणजे रेडा. माळकऱ्यासाठी ‘शुद्ध शाकाहारी, मासु हुँदैन’ एवढं सांगितलं तरी समजतं. एकाच तव्यावर दोन्ही भाजतात का, हेही विचारा. कुणी रागावत नाही.

पैशांसाठी एक कॉन्ट्री आणि एकच खजिनदार. डिझेल, मुक्काम आणि ठरलेलं एक जेवण कॉन्ट्रीतून, बाकी ज्याचं त्याने. दारू कॉन्ट्रीत धरू नका. न पिणाऱ्याला ते बोलवत नाही आणि मनात राहतं.

कागद आणि गाडी

पासपोर्ट असेल तर उत्तम. गावाकडे अनेकांकडे नसतो, आणि त्यावाचून काही अडत नाही. भारतीय प्रौढाला नेपाळसाठी निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. मूळ कार्ड घ्या, झेरॉक्सवर जाऊ नका. आधार कार्डाच्या भरवशावर मात्र राहू नका, आपल्या वयाच्या माणसाला ते पुरत नाही. ज्याचं कार्ड हरवलंय किंवा नावात चूक आहे त्याने दोन-तीन महिने आधी अर्ज करावा. तीन-चार पासपोर्ट फोटो सोबत ठेवा, सिमकार्डाला लागतात.

गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि चालवणाऱ्या दोघांची लायसन्सं मूळ हवीत. आपल्याकडे गाडी बरेचदा वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असते. तसं असेल तर मालकाचं संमतीपत्र करून घ्या, आणि शक्य असेल तर ज्याच्या नावावर गाडी आहे अशाच मित्राची गाडी न्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी सोपी पडते. पिवळ्या पाटीला वेगळा परवाना लागतो.

विम्याबद्दल बहुतेक जण विचारत नाहीत. आपली मोटार पॉलिसी भारतापुरती असते. जास्तीचा हप्ता भरून तिच्यात नेपाळचं क्षेत्र जोडून घेता येतं. एजंटला ‘भौगोलिक क्षेत्र वाढवायचं आहे, नेपाळ जोडा’ असं स्पष्ट सांगा आणि तसा छापील कागद हातात आल्याशिवाय निघू नका.

गाडीत ब्रेक पॅड, कूलंट, टायर आणि स्टेपनी पाहून घ्या. खाण्याचं सामान कमीत कमी. जवसाची चटणी, थोडा वाळलेला ठेचा आणि भिवापुरी तिखटाची पुडी एवढं बस. नेपाळी जेवण आपल्याला तिखटाला थोडं मऊ वाटतं, आठव्या दिवशी जीभ घरचं मागते, तेव्हा ही पुडी कामी येते. गॅस-शेगडी नेऊ नका. ती असली की कुणीतरी खिचडी टाकतोच आणि एक जेवण वाया जातं. ओआरएस आणि पोटाच्या गोळ्या मात्र हव्यात.

सोनौलीपर्यंत

नागपूर ते सोनौली साधारण हजार-अकराशे किलोमीटर. नागपूर, सिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज, वाराणसी, गोरखपूर, सोनौली. सिवनीच्या अलीकडे पेंचच्या जंगलातून रस्ता उंच पुलांवरून जातो आणि खालून वाघ-हरणं जातात, तिथे गाडी थांबवू नका. पहिला मुक्काम जबलपूर, दुसरा वाराणसी, तिसरा गोरखपूर. जबलपूरला खव्याची जिलेबी खा, काळपट रंगाची, जाड. रीवा भागात कुणाच्या घरी किंवा साध्या ढाब्यावर इंद्रहर मिळालं तर सोडू नका. मिसळीच्या डाळी वाटून, वाफवून, तळून कढीत सोडलेल्या वड्या असतात त्या. बनारसची सकाळ कचोरी-भाजी आणि जिलेबीची. गोरखपूरला गोवऱ्यांवर भाजलेली लिट्टी आणि वांग्याचा चोखा. रोडग्यांच्या पंगतीत वाढलेल्या माणसाला ही लिट्टी परकी वाटत नाही. मात्र हा भाग लवकर संपवा, पोट नेपाळसाठी राखायचं आहे.

दिवस कमी असतील तर दुसरा मार्ग: नागपूरवरून गोरखपूरला रेल्वेने जा (राप्तीसागर एक्स्प्रेस या मार्गाने जाते) आणि सीमेपलीकडे नेपाळी गाडी चालकासह भाड्याने घ्या. घाटाची चिंता मिटते, आणि चालक चांगला निघाला तर खाण्याच्या जागाही तोच दाखवतो.

सीमेवरची दोन-तीन तासांची कामं

गोरखपूरहून पहाटे निघून आठच्या आत सोनौली गाठा. उशीर झाला की ट्रकांची रांग लागते. आपल्या बाजूला एसएसबीचे, म्हणजे सशस्त्र सीमा बलाचे जवान तपासणी करतात. पलीकडे बेलहिया. तिथे पोचलात की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.

पहिलं काम ‘भन्सार’, म्हणजे गाडीचा कस्टम परवाना. शुल्क दिवसांच्या हिशेबाने असतं. ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन दिवस जास्तीचे घ्या. दरड पडली किंवा बंद पुकारला गेला तर मुदत संपल्यावर दंड बसतो. परवान्यावर तारीख विक्रम संवताची असते. खिडकीवरच इंग्रजी तारीख विचारून मागे पेनाने लिहून ठेवा. त्यानंतर यातायातचा, म्हणजे वाहतुकीचा परवाना. ‘करून देतो भाऊ’ म्हणत मध्यस्थ येतात. सरळ खिडकीवर उभे राहा, काम होतं. सगळे कागद एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, पुढे जागोजागी दाखवावे लागतात.

पैशांचं गणित सोपं आहे. १९९३ पासून दर बांधलेला आहे: १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी. सीमेवर दुकानदार भाव सांगतो तेव्हा ‘आयसी की एनसी?’ असं विचारा. आयसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. आपल्या १०० च्या नोटा चालतात. त्याहून मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, त्यामुळे निघण्याआधी चालू नियम पाहा आणि १०० ची बंडलं जास्त ठेवा. २०२४ पासून नेपाळच्या ‘फोनपे’च्या (Fonepay, आपल्याकडचं PhonePe नव्हे) क्यूआरवर भारतीय यूपीआयने पैसे देता येतात, पण सगळीकडे नाही. डोंगरात रोखच. नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचं सिम घ्या आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

पहिलं ताट: तानसेन

बहुतेक लोक बेलहियाहून सरळ पोखरा किंवा काठमांडू गाठायला धावतात. तुम्ही धावू नका. बुटवलहून सिद्धार्थ राजमार्ग चढायला लागतो. सुरुवातीचा सिद्धबाबाचा टप्पा दरडींचा आहे, तो थांबे न घेता पार करा. पुढे चाळीसेक किलोमीटरवर पाल्पा जिल्ह्याचं तानसेन. दगडी उतरत्या गल्ल्या, लाकडी खिडक्या आणि दोन पदार्थ, चुकौनी आणि बटुक. बटुक म्हणजे उडदाच्या वाटलेल्या डाळीचे तळलेले वडे, सकाळी चहासोबत खातात.

चुकौनीसाठी शक्य झालं तर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहा. उकडलेल्या आलूच्या फोडी, घट्ट दही, पातळ उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची, मीठ, सांभार (कोथिंबीर). इथवर आपल्याला कोशिंबीर वाटते. मग दिदी लहान कढईत मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवते, त्यात मेथीदाणे टाकते आणि ते लाल होऊनही थांबत नाही. दाणे पार काळे होईपर्यंत वाट पाहते, मग हळद टाकून लगेच ते तेल दह्यावर ओतते. चर्रकन आवाज येतो, दह्यावर पिवळे ओघळ उतरतात आणि कडूपणा जाऊन मेथीचा खमंगपणा तेवढा उरतो. आपल्याकडे मेथी करपली म्हणून फोडणी फेकून देतात, तिथे नेमकी तीच हवी असते. घरी करायला हा सगळ्यात सोपा नेपाळी पदार्थ आहे. चार मध्यम आलूंना दोन वाट्या घट्ट दही आणि अर्धा चमचा मेथी पुरते. दही आंबट नको आणि आलू गार झाल्याशिवाय मिसळू नका, नाहीतर पाणी सुटतं.

पोखरा: थकाली ताट

तानसेन ते पोखरा सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. पाच तास धरा, डोंगरात ताशी पंचवीस-तीस हाच वेग. दहाचं जेवण वाटेत येतं. पोखऱ्यात दोन रात्री राहा, कारण इथे थकाली जेवण समजून घ्यायचं आहे.

थकाली लोक मूळचे मुस्तांगमधल्या काली गंडकीच्या खोऱ्यातले, थाक खोलाचे. तिबेट आणि मैदान यांच्यातल्या मिठाच्या व्यापारवाटेवर ते होते आणि वाटसरूंसाठी त्यांच्या भट्ट्या, म्हणजे खाणावळी चालत. वाटसरूला पोटभर आणि स्वच्छ वाढायचं, ही रीत आजच्या थकाली ताटातही दिसते. काशाच्या थाळीत मध्ये भात, भोवती काळी डाळ, पालेभाजी, मुळ्याचं लोणचं, गुन्द्रुक, पापड, तूप आणि मागितलं तर कोंबडी किंवा खसी. साध्या ताटाला आणि मांसाच्या ताटाला वेगळा दर, तो बसण्याआधी विचारावा. भात, डाळ, भाजी पुन्हा पुन्हा वाढतात, त्याला ‘थप’ म्हणतात. नको असेल तर हात ताटावर धरून ‘पुग्यो’ म्हणा. मांसाचा ‘थप’ बहुधा मोफत नसतो.

या ताटातल्या तीन गोष्टींकडे लक्ष द्या. डाळीला जिम्बूची फोडणी असते. मुस्तांगकडची ही वाळलेली, कांदा-लसणाच्या कुळातली पात तुपात टाकली की सारं घर भरून वास येतो. दुसरी टिमुर, मिरीएवढी फळं, जीभ हलकीशी झिणझिणवतात. तिसरी गुन्द्रुक. मोहरी, मुळा, फुलकोबीचा पाला कोमेजवून, दाबून भरून, काही दिवस आंबवून मग उन्हात वाळवतात. त्याच्या रस्स्याचा पहिला घोट घेऊन आमच्यातला एक जण म्हणाला, “बाप्पा, हे तं आपल्या हरबऱ्याच्या वायलेल्या भाजीवानी लागते.” तेच नातं आहे: हंगामात पाला भरपूर, पुढचे महिने कोरडे, म्हणून वाळवून ठेवायचा. फक्त तिथे आंबटपणाची भर आहे.

भाताऐवजी एकदा ढिंडो मागा. नाचणी, फापर (कुट्टू) किंवा मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला घट्ट गोळा. बोटांनी लहान तुकडा तोडायचा, डाळीत किंवा गुन्द्रुकात बुडवायचा आणि फार न चावता गिळायचा. भाकरीसारखा चावत बसाल तर टाळूला चिकटतो.

पोखऱ्याहून बेनी, मार्फा, जोमसोम हा रस्ता मुस्तांगला जातो. मार्फाची सफरचंदं प्रसिद्ध आहेत आणि मुक्तिनाथही तिकडेच. पण रस्ता खडतर, अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा वेगळा परवाना लागतो आणि तीन-चार दिवस वाढतात. पहिल्या फेरीत तो मोह टाळा.

बंदीपूर आणि मलेखू

पोखरा-काठमांडू पृथ्वी राजमार्ग दोनशे किलोमीटर, रुंदीकरणामुळे धुळीचा आणि संथ. तो एका दमात करू नका. डुम्रेहून आठ किलोमीटर वर बंदीपूर आहे, नेवार, म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या मूळ समाजातल्या व्यापाऱ्यांचं जुनं गाव. बाजाररस्त्यात गाड्या येऊ देत नाहीत. एखाद्या घरी मुक्काम करा आणि रात्रीचं जेवण घरचंच सांगा. दुसऱ्या दिवशी मलेखूला थांबा. त्रिशूलीच्या काठी दुकानांसमोर तळलेले मासे रचलेले आणि सुकवलेले मासे माळांत टांगलेले असतात. तळलेला मासा गरम करून मागा आणि आधी भाव ठरवा.

काठमांडू खोरं, आणि आपलंच सोयाबीन

काठमांडूत गाडी हॉटेलवर लावा आणि पायी किंवा टॅक्सीने फिरा. गल्ल्या अरुंद आणि बऱ्याच एकेरी आहेत. खाण्यासाठी खरी जागा पाटण. दरबार चौकात कृष्ण मंदिर आहे, त्याच्या मागच्या गल्ल्यांत नेवारी खाजाची लहान दुकानं. बारा म्हणजे उडदाच्या वाटणाचा तव्यावरचा जाड घावन, साधा किंवा अंडं फोडून. चटामरी म्हणजे तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं. समय बजी म्हणजे चिउरा, छोयला, आलू, आलं, लसूण, काळं सोयाबीन असं एका पानात मांडलेलं ताट. चिउरा म्हणजे आपले पोहेच, पण भिजवत नाहीत, कोरडेच खातात. दाताला मेहनत पडते. माळकरी मित्राने साधा बारा, आलू-तामा आणि चिउरा मागावा. तामा म्हणजे आंबवलेले बांबूचे कोंब. गडचिरोलीकडचा कुणी सोबत असेल तर त्याला वास्ते म्हणून लगेच ओळखू येतील.

आणि इथेच ‘भटमास साँधेको’ मागवा. भटमास म्हणजे सोयाबीन. आपल्या यवतमाळ, वाशीम, अमरावतीत शिवारच्या शिवार सोयाबीनचं असतं आणि सगळं बाजार समितीत जातं. दाणा घरच्या ताटात येत नाही. नेपाळात अख्खे दाणे भाजून, त्यात आलं, लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, सांभार, टिमुर, मीठ, लिंबू आणि मोहरीचं तेल घालून लगेच खातात. मला नेपाळच्या सगळ्या खाण्यात हे सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण ते करायला लागणारं पीक आपल्या घरात पोत्याने पडलेलं असतं. घरी करायचं तर दाणे निवडून, मंद आचेवर साल तडकेपर्यंत आणि आत कच्चेपणा न राहीपर्यंत भाजा. कच्चं सोयाबीन पचत नाही. आणि बियाण्यासाठी औषध लावलेला दाणा चुकूनही वापरू नका, त्याच्यावर विष असतं. आपल्या शेतातलं, फवारणीनंतर पुरेसे दिवस गेलेलं, औषध न लावलेलं घरचं धान्यच घ्या.

भक्तपूर काठमांडूपासून तेरा किलोमीटर. चौकात जायला परदेशी पर्यटकांना तिकीट आहे, सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते, ओळखपत्र खिशात ठेवा. इथलं जुजु धौ म्हशीच्या दुधाचं गोड दही, मातीच्या कुंड्यात लावलेलं. कुंडं पाणी शोषून घेतं, म्हणून चमचा उभा राहील इतकं घट्ट लागतं. सकाळी अकराच्या आत जा.

दारूबद्दल एवढंच: ऐला, रक्सी, छ्याङ, तोंग्बा जागोजागी दिसतील. ज्याला घ्यायची त्याने मुक्कामी पोचून घ्यावी. नेपाळचे वाहतूक पोलीस ‘मापसे’ नावाची तपासणी कडक करतात आणि घोटभर घेतलेल्या चालकालाही सोडत नाहीत.

परतीची वाट

काठमांडूहून मुग्लिनला उतरून नारायणगढ, आणि तिथून सौराहा. चितवनच्या जंगलाकाठी थारू लोकांचं जेवण मिळतं. ढिक्री म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या पिठाचे आकार, चटणीसोबत. घोंगी म्हणजे पाणथळातल्या गोगलगायी, वाटलेल्या जवसाच्या रस्स्यात शिजवलेल्या, शिंपलं तोंडाला लावून ओढून खायच्या. जवस आपलं, म्हणून रस्सा ओळखीचा लागतो. गोगलगाय जमत नसेल तर नुसता रस्सा भातावर घ्या. सौराहाहून बुटवलकडे जाताना दाउन्नेचा चढ खराब असतो. तो सकाळीच ओलांडा.

बेलहियाला भन्सारचा कागद दाखवून नोंद बंद करून घ्या आणि पावती जपून ठेवा. टिमुर, जिम्बू, गुन्द्रुक घरच्यापुरतंच आणा, कोरडं आणि बंद पुड्यांत. रक्सौलच्या वाटेने बिहारमधून यायचं ठरवलं तर गाडीत दारूची एकही बाटली नको, तिथे २०१६ पासून दारूबंदी आहे. वर्ध्या-गडचिरोलीच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

कॉन्ट्रीचा हिशेब गोरखपूरच्या मुक्कामातच संपवा, सगळे एका खोलीत असताना. उरलेले नेपाळी रुपये सीमेवरच बदलून घ्या, गावात त्यांचं काही होत नाही. घरी आल्यावर आठवडाभरात ब्रेक पॅड आणि एअर फिल्टर दाखवा, पृथ्वी राजमार्गाची धूळ फिल्टरात बसलेली असते. टिमुर काचेच्या बरणीत, अख्खीच ठेवा. कुटली की महिनाभरात वास उडतो.